'सा' कोणत्या रंगाचा?

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात सात स्वरांचे रंग सांगितले आहेत. षड्ज कमळासारखा, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा. सिनेस्थेशियाचा, म्हणजे एका जाणिवेसोबत आपोआप दुसरीही होण्याचा, जसे अक्षर पाहून रंग भासण्याचा, विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी हा दाखला देतोच. दाखला घाईचा आहे. शार्ङ्गदेवाने स्वरांना रंगांसोबत कुळ, द्वीप, ऋषी आणि देवताही वाटून दिल्या. ही झाली परंपरेची मांडणी, सगळ्यांना एकच. सिनेस्थेशियात मात्र परभणीतल्या एका मुलीला 'क' तांबडा दिसला, तर बाकावरच्या दुसरीला तो हिरवा दिसेल आणि दोघी हट्टाने भांडतील.

याची पहिली सविस्तर नोंद 1812 ची, जर्मनीतली. गेओर्ग झाक्सने स्वतःच्या आणि बहिणीच्या अल्बिनिझमवर प्रबंध लिहिला आणि जाता जाता अक्षरे, आकडे, वार रंगीत भासतात हेही सांगून टाकले. ज्याच्या कातडीत रंगद्रव्य नव्हते, त्याच्या मनात अक्षरे रंगलेली! 1880 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने अशा लोकांची माहिती जमवली. हे घराण्यात चालते, हेही त्याच्या लक्षात आले. पुढे मानसशास्त्रात वर्तनवाद्यांचे, म्हणजे बाहेरून दिसणारे वर्तनच मोजणाऱ्यांचे, राज्य आले. फक्त एकालाच जाणवते ते मोजायचे कसे, म्हणून विषय कित्येक दशके अडगळीत पडला. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी साधी युक्ती केली: अशा एका बाईला शब्दांचे रंग विचारायचे आणि कित्येक आठवड्यांनी, न सांगता, तेच पुन्हा विचारायचे. त्या बाईचे रंग बदलले नाहीत.

मग प्रश्न उरला मेंदूतल्या जोडणीचा. 2001 मध्ये मेंदूचे अभ्यासक रामचंद्रन आणि हबर्ड यांनी बोट ठेवले ते शेजारावर. अक्षरांचे आकार ओळखणारा भाग आणि रंगाचा 'व्ही-4' हा भाग मेंदूत अगदी लागून आहेत. बाळाच्या मेंदूत जोडण्या भरमसाट असतात, वाढत्या वयात त्या छाटल्या जातात. इथे छाटणी अपुरी राहिली असावी. बांध कोरला की पाणी कुणाच्या रानात जाते, हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी ग्रोसेनबाखर आणि लव्हलेस म्हणाले, बांध सगळ्यांचे सारखेच. यांच्याकडे फक्त चारीचे दार सैल आहे, म्हणजे जोडण्या त्याच, पण एरवी दाबले जाणारे संदेश इथे दबत नाहीत. एलएसडी हे भास घडवणारे रसायन घेतल्यावर काहींना तात्पुरते असे अनुभव येतात, ही त्यांच्या बाजूची गोष्ट.

2007 मध्ये रौव आणि शोल्टे यांना अॅमस्टरडॅममध्ये सिनेस्थेशिया असलेल्या 18 जणांच्या मेंदूत काही ठिकाणी तंतूंची जोडणी अधिक घट्ट दिसली. पण 2015 मध्ये हुपे आणि दोजा यांनी असे सगळे अभ्यास तपासले आणि रचनेतल्या फरकाचा ठाम पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. मला तो पटतो.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या, अक्षरे रंगीत भासणाऱ्या 6,588 जणांच्या रंगांची छाननी झाली. त्यातल्या 6 टक्क्यांचे रंग लहानपणच्या चुंबकी अक्षरांच्या एका खेळण्याशी जुळले. म्हणजे शिकवणीचाही हात आहे, आणि शार्ङ्गदेवाची यादी मी जरा लवकरच बाजूला सारली. आपल्याकडे ते खेळणे म्हणजे अंगणवाडीची भिंत. तिथला 'क' कोणत्या रंगाचा, हे पेंटरच्या डब्यात काय उरले त्यावर ठरते.