पालखीच्या गोंड्यांना फुटलेले दात

गुहागर तालुक्यातील आमच्या गावच्या शिमग्याची, २००४ साली मिनी डीव्ही कॅसेटवर चित्रित केलेली तासाभराची फीत गेल्या वर्षी कपाटात सापडली आणि ती संगणकावर उतरवून, काटछाट करून, चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवावी असे ठरले. एका स्टुडिओने ते काम करून दिले. पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवण्याच्या चौथऱ्यावर, विसावलेली असेपर्यंत चित्र उत्तम होते. परंतु ती खांद्यावर चढून नाचू लागली की तिच्या कडेच्या गोंड्यांना, ढोलावर पडणाऱ्या काठीला आणि नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे आडवे दात फुटत. कॅसेटला बुरशी लागली असावी, असे निदान झाले. कोकणातल्या दमट हवेत फितीला बुरशी लागते हे खरेच आहे. पण बुरशी चित्रातली हलणारी वस्तू तेवढी निवडून कुरतडत नाही.

आपल्याकडच्या पॅल या दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, मात्र त्या काळचे बहुतेक घरगुती कॅमेरे एक फ्रेम एका दमात टिपत नसत. फ्रेमच्या ५७६ दृश्य ओळींपैकी आधी एकाआड एक अशा २८८ ओळी टिपल्या जात आणि १/५० सेकंदाने मधल्या उरलेल्या २८८. या प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, आणि दोन फील्ड एकमेकांत गुंफण्याच्या या रीतीला इंटरलेसिंग. नारळाच्या झावळीचा झाप विणताना जशी एक पाती वर आणि एक खाली जाते, तशी ही वीण असते. फरक इतकाच की इथे शेजारच्या दोन ओळी दोन वेगळ्या क्षणांच्या असतात. पालखीने ७२० ठिपके रुंदीचे चित्र दोन सेकंदांत ओलांडले, तर १/५० सेकंदात ती सुमारे सात ठिपके पुढे सरकते. म्हणून गोंड्याच्या कडेला एक ओळ इथे, पुढची सात ठिपके पलीकडे, तिसरी पुन्हा इथे, असे सात ठिपके लांबीचे दात दिसतात. स्थिर सहाणेच्या बाबतीत दोन्ही क्षण सारखेच असल्यामुळे वीण बेमालूम बसते.

ही उठाठेव कोणी आणि का केली, याचे उत्तर जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये आहे. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ उजळत जाई आणि उजळलेली ओळ लगेच विझू लागे. सेकंदाला २५ वेळाच पडदा उजळला तर डोळ्यांना त्रासदायक लुकलुक जाणवते. ५० पूर्ण चित्रे पाठवावीत, तर प्रक्षेपणासाठी लहरींचा दुप्पट पट्टा (बँडविड्थ) लागतो. अर्धी अर्धी चित्रे ५० वेळा पाठवली की लुकलुक कमी होते आणि पट्टाही तेवढाच राहतो. बीबीसीने १९३६ साली लंडनहून ४०५ ओळींचे नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हाही हीच युक्ती वापरात होती. पॅलमधील एकूण ओळी ६२५, म्हणजे मुद्दाम विषम, ठेवलेल्या आहेत: प्रत्येक फील्डच्या वाट्याला तीनशे साडेबारा ओळी येतात आणि त्या अर्ध्या ओळीमुळे पुढचे फील्ड आपोआप मधल्या जागांवर उतरते. स्मृती नावाची कोणतीही सोय नसलेल्या यंत्राकडून एवढे काम करून घेणे, ही मला आजही थक्क करणारी हुशारी वाटते.

मोबाइलचा पडदा मात्र सगळ्या ओळी एकत्र दाखवतो. त्यामुळे दोन फील्ड सोडवल्याशिवाय फाइल एक्सपोर्ट केली की दात उघडे पडतात. एवढाच प्रश्न असता, तर तो नंतरही सोडवता आला असता. खरे नुकसान दुसऱ्याच ठिकाणी होते. संपादनाच्या सॉफ्टवेअरने क्लिप चुकून प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकसंध फ्रेमची, समजली आणि टाइमलाइन, म्हणजे क्लिपा जोडण्याची पट्टी, १०८० ओळींची असली, तर ५७६ ओळी ताणून १०८० केल्या जातात. ताणताना प्रत्येक नवी ओळ शेजारच्या जुन्या ओळींच्या मिश्रणातून बनते, म्हणजे दोन क्षणांचा रंग एकमेकांत कालवला जातो. दात मग धुरकट लाटांसारखे दिसू लागतात आणि कोणती ओळ कोणत्या क्षणाची, हे कोणत्याही फिल्टरला ओळखता येत नाही. आमच्या फाइलीत नेमके हेच झाले होते. ती फाइल सुधारण्यात मी घालवलेल्या दोन रात्री वायाच गेल्या.

दुसरी चूक फील्डच्या क्रमाची. डीव्हीमध्ये खालचे, म्हणजे सम ओळींचे, फील्ड आधी येते, तर १०८० ओळींच्या इंटरलेस्ड एचडीमध्ये वरचे, म्हणजे विषम ओळींचे. क्रम उलटा धरला गेला की १, २, ३, ४ हे क्षण २, १, ४, ३ असे दिसतात. पालखी एक पाऊल पुढे जाऊन अर्धे मागे आल्यासारखी थरथरते, आणि शिमग्यात पालखी तशीही नाचतच असल्यामुळे ही चूक आधी लक्षातसुद्धा येत नाही. ढोलाच्या काठीकडे पाहिले की मात्र चोरी पकडली जाते. चित्र टाइमलाइनवर उभे एका ओळीने जरी सरकवले, तरी सम ओळी विषमांच्या जागी जाऊन क्रम असाच उलटतो.

फील्ड सोडवण्याच्या, म्हणजे डीइंटरलेसिंगच्या, रीती अनेक आहेत. एक फील्ड टाकून देणे सोपे, पण त्यात निम्म्या ओळी आणि निम्मे क्षण जातात. दोन्हींचे मिश्रण केले तर दातांऐवजी प्रत्येक हाताला भुताटकी सावली येते. पुष्कळ सॉफ्टवेअर निमूटपणे हेच करतात. प्रत्येक फील्ड ताणून स्वतंत्र फ्रेम केली तर हालचाल सुरेख राहते, परंतु देवळाची कौले आणि जांभ्याच्या चिऱ्यांमधल्या आडव्या दरजा वरखाली लुकलुकतात. म्हणून यादिफसारखे फिल्टर मागची-पुढची फील्ड आणि शेजारच्या ओळी ताडून पाहतात. जिथे काही हलत नाही तिथे विणलेले तसेच ठेवतात आणि जिथे हलते तिथे मधली ओळ अंदाजाने भरतात. क्यूटीजीएमसी त्याहूनही बारकाईने, हालचालीची दिशा शोधून, हे काम करते, पण फार सावकाश.

माझे मत असे की सोडवणूक सर्वांत आधी, मूळ आकारातच करावी आणि एक्सपोर्ट २५ नव्हे, तर ५० फ्रेमचा ठेवावा. कॅमेऱ्याने सेकंदाला ५० क्षण टिपले होते. त्यातले निम्मे फेकण्याचे काही कारण नाही.

आम्ही कॅसेट फायरवायर केबलने संगणकावर पुन्हा उतरवली. तासाभराची मूळ डीव्ही फाइल सुमारे १३ जीबीची झाली, ती तशीच जपून ठेवली. तिच्या प्रतीवर खालचे फील्ड आधी असे सांगून यादिफ चालवला, मगच चित्र १४४० बाय १०८० पर्यंत वाढवले, आणि ५० फ्रेमच्या टाइमलाइनवर काटछाट केली. एक्सपोर्ट झाल्यावर पालखी सहाणेवरून उचलली जाते तो तुकडा एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिला. गोंडा प्रत्येक फ्रेमला थोडा थोडा पुढे जात होता, मागे एकदाही आला नाही, आणि त्याच्या कडेला एकही दात नव्हता. गुलालाने माखलेले त्याचे धागे मात्र वेगळे मोजता येत होते.