भोंग्यावर जाऊ नका
मेणाच्या नळ्या आणि जुन्या फोनोग्राफचे सुटे भाग : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

धाब्याचे घर उतरवताना किंवा वाड्याचे सागवान विकायला काढताना माळ्यावरून चावीचा बाजा, म्हणजे जुना फोनोग्राफ किंवा ग्रामोफोन, निघतो, आणि आम्हाला फोन येतो : "भाऊ, भोंगा पितळी आहे, किती येतील?" जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठूनही फोन असो, प्रश्न हाच. आमचे उत्तरही ठरलेले आहे. भोंगा बाजूला ठेवा. सोबत आवाज भरलेल्या मेणाच्या पोकळ नळ्या आहेत का, आणि नळीवर टेकून आवाज काढणारा तो लहानसा गोल डबा (रिप्रोड्यूसर) जागेवर आहे का, ते आधी सांगा. बाजाची खरी किंमत बहुधा त्या दोन गोष्टींत असते. आणि चालतो का ते बघायला नळी चढवून वाजवू नका.

आधी तबकडी की नळी ते पाहा

आपल्याकडे घरोघरी आला तो तबकडीचा ग्रामोफोन. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला आला तो तबकडीचे सामान घेऊनच. बालगंधर्वांची गाजलेली गाणीही तबकड्यांवरचीच. त्यामुळे कोणी 'बालगंधर्वांची मेणाची नळी' विकायला आणली, तर पैसे खिशातच राहू द्या.

नळीचा फोनोग्राफ त्याहून जुना. एडिसनने १८७७ मध्ये कथलाच्या वर्खावर आवाज धरला. मेणाच्या नळ्या पुढच्या दशकात आल्या. यंत्र ओळखायला सोपे आहे. तबकडीसाठी सपाट थाळी असते, इथे एका बाजूला किंचित निमुळता आडवा दांडा असतो. त्याला मँड्रेल म्हणतात. नळी त्याच्यावर चढते. दुसरा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण नुकसान त्यानेच होते. त्या काळच्या बहुतेक तबकड्यांत सुई डावी-उजवीकडे हलते, नळीत ती वर-खाली हलते. ग्रामोफोनचा साउंड बॉक्स (सुई बसवलेला गोल डबा) आणि पोलादी सुई नळीवर टेकवली, तर एका फेरीत मेण खरवडून निघते.

नळीचा रंग काय सांगतो

नेहमीची नळी साधारण सव्वाचार इंच लांब आणि सव्वादोन इंच व्यासाची असते. व्यास पाच इंच असेल तर ती 'कॉन्सर्ट' नळी. फ्रान्सच्या पाथे कंपनीने साडेतीन इंचीही काढल्या. या दोन्ही मापांच्या नळ्या दिसल्या, तर काही न करता आम्हाला कळवा.

तपकिरी, साबणासारखी दिसणारी मऊ नळी सर्वांत जुन्या प्रकारची, ढोबळमानाने १९०२ च्या आधीची. काळी, कडक, चकचकीत नळी साच्यातली. एडिसनने ती १९०२ पासून विकली. या दोन्हींवर इंचाला शंभर आटे, म्हणजे आवाजाच्या कोरलेल्या खाचा, असतात. काळी नळी मिनिटाला १६० फेरे घेते, म्हणून गाणे जेमतेम दोन-अडीच मिनिटांचे. तपकिरी नळ्यांचा वेग मात्र एकसारखा नव्हता. १९०८ मध्ये आटे दुप्पट बारीक करून चार मिनिटांची 'ॲम्बेरॉल' आली. तीही मेणाचीच आणि फार ठिसूळ. १९१२ ची 'ब्लू ॲम्बेरॉल' निळ्या सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) असून आत प्लास्टर ऑफ पॅरिस आहे; ती १९२९ पर्यंत निघत होती. गुलाबी सेल्युलॉइडची नळी दिसली तर ती शिकागोच्या लॅम्बर्ट कंपनीची असण्याची शक्यता धरा. ती निळीपेक्षा पुष्कळ दुर्मीळ.

पुठ्ठ्याच्या गोल खोक्यावरचे नाव प्रमाण मानू नका. झाकणे शंभर वर्षांत दहादा अदलाबदल झालेली असतात. साच्यातल्या नळीच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो, थोड्या नंतरच्या नळ्यांवर गाण्याचे नावही. तो क्रमांक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा येथील संग्रहात शोधा. तिथे दहा हजारांहून अधिक नळ्या ऐकायला ठेवल्या आहेत आणि पैसे पडत नाहीत. तुमची नळी तिथे असेल, तर स्वतःची झिजवायची गरजच उरत नाही.

भारतीय आवाजाच्या नळ्या थोड्या झाल्या आणि त्यातल्या फार थोड्या टिकल्या. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असे ध्वनिमुद्रण केले. रवींद्रनाथ ठाकुरांचा आवाजही त्यांनी घेतला होता. बोस यांच्या नावाचे नुसते रिकामे खोके मिळाले, तरी ते जपण्यासारखे आहे.

कडेवर काहीच नसेल तर

इथे जरा थांबून वाचा. फोनोग्राफची एक सोय ग्रामोफोनला सहसा नव्हती : त्यावर घरच्या घरी आवाज भरता यायचा. कोरी तपकिरी नळी चढवायची, रिप्रोड्यूसर काढून रेकॉर्डर (मेणावर आवाज कोरणारा डबा) लावायचा आणि भोंग्यात बोलायचे. नको झाले की वरचा थर तासून पुन्हा भरायचे.

म्हणून तपकिरी नळीच्या कडेवर काही लिहिलेले नसेल, तर शक्यता दोन. विकत घेतलेली असेल तर सुरुवातीला बहुतेक वेळा निवेदकाचा आवाज येतो; तो गाण्याचे आणि कंपनीचे नाव सांगतो. नाहीतर ती घरात भरलेली. असा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही. मऊ मेणावर जड रिप्रोड्यूसर फिरला की प्रत्येक वेळी आवाज थोडा झिजतो, आणि पणजोबांचे बोलणे ऐकायच्या घाईत तेच पुसले जाते. अशा नळीतून आवाज काढायला हलक्या विजेच्या यंत्रांचा उपयोग होतो, उदाहरणार्थ फ्रान्समधल्या आंरी शामू यांचे 'आर्केओफोन'. अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेत तर नळीला स्पर्श न करता, नुसत्या प्रकाशाने आटे वाचण्याची पद्धत तयार झाली आहे. आम्ही ही कामे करत नाही, आणि गावठी उपायाने करूनही देणार नाही.

खोक्यातली चिठ्ठी, जुनी पावती, दुकानदाराचा शिक्का यांतले काहीही फेकू नका. पावतीवर 'पूर्व खानदेश' छापले असेल, तर ती १९०६ नंतरची, कारण खानदेश जिल्ह्याची वाटणी त्या वर्षी झाली.

तो लहानसा डबा

रिप्रोड्यूसर म्हणजे भोंग्याच्या तोंडाशी बसणारा, खाली खडा (सुईच्या जागी नळीवर टेकणारे टोक) असलेला डबा. भंगारात हाच भाग आधी हरवतो. एडिसनच्या डब्यांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. 'सी' दोन मिनिटांच्या काळ्या नळीसाठी, 'एच' चार मिनिटांसाठी. 'के' मध्ये दोन्ही खडे असतात आणि फिरवून बदलता येतात. 'ओ' मापाने मोठा, त्यामुळे साध्या यंत्रात बसत नाही. 'डायमंड' नावाचे डबे निळ्या सेल्युलॉइडसाठी आहेत. त्यांतला हिरा मेणावर टेकवणे म्हणजे नळी संपवणे. तपकिरी नळीला 'सी' सुद्धा जड पडतो.

घेताना भिंगाखाली खडा पाहा. टोक गोल आणि गुळगुळीत हवे. सपाट झालेला किंवा टवका उडालेला खडा नळी कापतो. आतली रबरी वायसर दगडासारखी कडक झालेली असणार. ती आम्ही बदलून देतो, पण जुनी अभ्रकाची चकती फुटलेली नसेल तर तीच ठेवतो. जस्ताच्या ओतकामाच्या भागांचे मात्र काही खरे नसते. असे काही मिश्रधातू वयानुसार फुगतात आणि तडकतात. त्यावर इलाज नाही, दुसरा भाग शोधावा लागतो.

बाकीच्या भागांचे थोडक्यात. आट्यांचा लांब दांडा वाकलेला नको. गव्हर्नरची (वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाची) तिन्ही वजने असावीत. चामडी पट्टा गेलेला असणार, नवा लागतो, त्याची काळजी नको. स्प्रिंगचा डबा घरी उघडू नका. ताणलेली पट्टी सुटली तर हात कापते. पाटीवरची शेवटची पेटंट तारीख पाहून ठेवा, यंत्र त्याआधीचे नसते. पाटीवर 'नॅशनल फोनोग्राफ कंपनी' असेल तर ते १९११ च्या आधीचे समजा. त्या वर्षी कंपनीचे नाव बदलून 'थॉमस ए. एडिसन' झाले.

नकली माल

मुंबईच्या चोर बाजारातून कौतुकाने आणलेले चकाचक यंत्र आम्ही पुष्कळदा पाहतो : नवा पितळी भोंगा, नवी लाकडी पेटी, वर 'हिज मास्टर्स व्हॉइस'चे कुत्र्याचे चित्र. दिवाणखान्यात शोभते, हरकत नाही. पण जुने म्हणून पैसे मोजू नका. नळीच्या यंत्रावर ते चित्र असेल तर जोडणी नक्की अलीकडची. गंमत अशी की चित्रकार फ्रान्सिस बॅरोने त्या चित्रात मुळात नळीचाच फोनोग्राफ रंगवला होता. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये चित्र घेतले तेव्हा त्याच्या जागी तबकडीचे यंत्र रंगवून घेतले.

आपले ऊन आणि आपला पावसाळा

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पत्र्याखाली किंवा धाब्याच्या माळ्यावर मेण मऊ पडून नळी वाकडी होते. उलट धुळ्याकडच्या जानेवारीत गार पडलेली नळी एकदम गरम तळव्यात धरली, तर तडकू शकते. नळी आतल्या पोकळीत दोन बोटे घालून, ती फाकवून उचलायची. बाहेरच्या आट्यांना हात लावायचा नाही.

पावसाळ्यात मेणावर पांढरी जाळी धरते. ती बुरशी मेण खाते, पुसून गेलेला आवाज परत येत नाही. खोक्याच्या आतला कापसाचा थर ओल धरून ठेवतो, म्हणून खोके जपा पण नळी वेगळी, उभी ठेवा. निळ्या नळीतले प्लास्टर ओलीने फुगते आणि ती मँड्रेलवर चढेनाशी होते. ठोकून चढवू नका. सेल्युलॉइड पेट घेते, त्यामुळे देवघराच्या समईजवळ नको. साफसफाईला कोरडा मऊ ब्रश पुरे. पेटीवरच्या सोनेरी रेघांना रॉकेल किंवा स्पिरिट लावले तर रेघा फडक्यावर येतात.

विकायचे असेल तर

शंभर वर्षांपुढच्या वस्तू परदेशी पाठवण्यावर १९७२ च्या पुरावशेष कायद्याची बंधने आहेत. परदेशातल्या गिऱ्हाइकाशी सौदा ठरवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या. आमच्यामार्फत अशी पार्सले जात नाहीत.

ओळख पटवून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. आधी फोटो पाठवा : यंत्राची पाटी, रिप्रोड्यूसर खालच्या बाजूने, आणि नळीची कड उजेडात तिरकी धरून. भोंग्याचा फोटो शेवटी. वस्तू आणायला सांगितली तर प्रत्येक नळी स्वतंत्र डब्यात उभी बसवा आणि डबे पिशवीत मांडीवर घेऊन या. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत या, आणि नळ्या गाडीच्या डिकीत ठेवून आधी बाजारहाट करायला जाऊ नका.