कार्य, ऊर्जा आणि संवेग

बलामुळे वस्तूवर होणारा परिणाम मोजणाऱ्या यामिकीतील तीन मूलभूत राशी. बल वस्तूला किती अंतरभर ढकलत राहिले याचा हिशेब म्हणजे कार्य, आणि त्यातून वस्तूची ऊर्जा बदलते. तेच बल किती वेळ लागू राहिले याचा हिशेब म्हणजे आवेग, आणि त्यातून संवेग (वस्तुमान × वेग) बदलतो. बल एकच, हिशेब मात्र दोन. नववी ते अकरावीच्या भौतिकशास्त्रात या प्रकरणांवर जे अडखळणे होते, ते बहुतेक वेळा हे दोन हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे होते. सूत्रे पाठ नसणे हे त्यामानाने किरकोळ कारण आहे.

फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो ब्रेक लावताना. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर एक दुचाकी ताशी ३० किलोमीटर वेगाने चालली आहे, गाडी आणि चालक मिळून वस्तुमान १८० किलो, आणि ब्रेक दाबल्यावर मागे खेचणारे बल ९०० न्यूटन आहे असे धरू. गाडीचा संवेग १,५०० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद आणि गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा, ६,२५० ज्यूल. गाडी सुमारे १.७ सेकंदांत, ७ मीटरवर थांबते. वेग ताशी ६० केला की संवेग दुप्पट होतो, म्हणून थांबायला वेळही दुप्पट, ३.३ सेकंद लागतात. ऊर्जा मात्र चौपट, २५,००० ज्यूल होते, आणि थांबण्याचे अंतर ७ वरून २८ मीटरवर जाते. वेळ संवेगाने ठरतो, अंतर ऊर्जेने. पुढच्या सिग्नलपाशी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा जीव या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असतो. शिवाय ब्रेक दाबण्याआधी चालकाला भान यायला लागणाऱ्या क्षणात गाडी जे अंतर कापते, ते यात धरलेलेच नाही.

कार्य

बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. एकक ज्यूल. एक न्यूटन बलाने वस्तू त्याच दिशेने एक मीटर सरकली की एक ज्यूल कार्य होते. बल आणि विस्थापन एका दिशेत असतील तर कार्य धन, उलट दिशांत असतील तर ऋण, आणि काटकोनात असतील तर शून्य. कार्य ही अदिश, म्हणजे दिशा नसलेली, राशी आहे.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ५० किलोचे पोते पाठीवर घेऊन सपाट फरशीवरून एकाच चालीने चाललेला हमाल पोत्यावर शून्य कार्य करतो, असे पुस्तक सांगते. विद्यार्थ्याला हे पटत नाही आणि त्याचे न पटणे योग्यच आहे, कारण घाम तर डोळ्यांना दिसतो. उत्तर असे की, हमाल पोत्याला वर तोलतो आणि पोते पुढे सरकते. बल आणि विस्थापन काटकोनात आहेत, त्यामुळे पोत्याच्या ऊर्जेत काही भर पडत नाही. पण स्नायू खांबासारखे निश्चल नसतात. भार तोलून धरण्यासाठी स्नायूंतील तंतू सतत आकसत आणि सैलावत राहतात, त्यासाठी अन्नातील रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. कार्य शून्य आहे ते पोत्यावरचे. हमालाच्या शरीराने केलेला खर्च खराच असतो. तेच पोते जमिनीवरून १.२ मीटर उंचीच्या ट्रकच्या फाळक्यावर चढवताना मात्र ५८८ ज्यूल कार्य पोत्यावर होते. प्रश्न वाचताना ‘कार्य किती’ एवढे पुरत नाही. कोणत्या बलाने, कोणत्या वस्तूवर केलेले, हे आधी ठरवावे लागते.

गुरुत्वाविरुद्धचे कार्य फक्त उंचीतल्या फरकावर अवलंबून असते, वाटेवर नाही. सिंहगडावर आतकरवाडीच्या पायवाटेने जा किंवा गाडीरस्त्याने वळणे घेत जा, चढ सुमारे ६०० मीटर धरला तर ६० किलोच्या माणसाची स्थितिज (उंचीमुळे असलेली) ऊर्जा दोन्ही वाटांनी सारखीच, साधारण साडेतीन लाख ज्यूलने वाढते. आहाराच्या भाषेत हे ८४ किलोकॅलरी होतात. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असल्याने शरीराला त्याच्या चार-पाच पट खर्च येतो, आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरीची जी भूक लागते ती या उरलेल्या भागामुळे. विजेच्या बिलातले एक युनिट ३६ लाख ज्यूलचे असते. म्हणजे अख्खा सिंहगड चढल्याने वाढलेली ऊर्जा जेमतेम एका युनिटाच्या दहाव्या भागाइतकी भरते.

ऊर्जा

कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. गतीमुळे असते ती गतिज (अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग) आणि स्थानामुळे किंवा आकारातील बदलामुळे असते ती स्थितिज. जमिनीलगत स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची. सर्व बलांनी वस्तूवर केलेले एकूण कार्य गतिज ऊर्जेतील बदलाइतके असते, याला कार्य-ऊर्जा प्रमेय म्हणतात. वर ब्रेकचे अंतर काढले ते यावरूनच.

पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातला फुको लंबक पृथ्वीचे परिवलन दाखवण्यासाठी असला, तरी ऊर्जेच्या रूपांतराचाही तो उत्तम नमुना आहे. गोळा टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा गतिज ऊर्जा शून्य असते, तळाशी ती सर्वाधिक असते. तो १० सेंटीमीटर खाली उतरला तर तळाशी वेग सेकंदाला १.४ मीटर, मग गोळा जड असो वा हलका. तार गोळ्याला सतत ओढत असते, पण तिचे बल गतीला नेहमी काटकोनात असल्याने ती कार्य करत नाही. तीच तार संवेगाची दिशा मात्र क्षणोक्षणी बदलत असते. एका हिशेबात शून्य असलेले बल दुसऱ्या हिशेबात पुरेपूर हजर असते, हे इथे नजरेसमोर दिसते.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण घाटात आहे. लोणावळ्याजवळच्या तलावांचे पाणी कड्यावरून पाइपांनी उतरवून खोपोलीला १९१५ पासून वीज तयार होते. उतार सुमारे ५०० मीटरचा. एक घनमीटर पाणी एवढे खाली आले की ४९ लाख ज्यूल, म्हणजे साधारण १.३६ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातला काही भाग घर्षणात आणि यंत्रांत जातो.

ऊर्जा खर्च होण्याचा वेग म्हणजे शक्ती, एकक वॅट. एक अश्वशक्ती ७४६ वॅटची.

संवेग

वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. ही सदिश, म्हणजे दिशा असलेली, राशी आहे. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने भिंतीवर आदळून तेवढ्याच वेगाने परतला, तर त्याच्या गतिज ऊर्जेत काहीच बदल झालेला नसतो. संवेगातला बदल मात्र ६.४ एकके असतो. तो शून्यही नसतो आणि ३.२ ही नसतो, कारण दिशा उलटली आहे. उणे चिन्ह विसरले की गणित चुकते. परीक्षेतील चुकांत हिच्याइतकी नित्याची चूक क्वचितच असेल.

बल × वेळ म्हणजे आवेग, आणि आवेग संवेगातील बदलाइतका असतो. हेल्मेटचे काम या सूत्रात आहे. थांबलेल्या दुचाकीवरून नुसते कलंडले तरी डोके साधारण सेकंदाला ५ मीटर वेगाने जमिनीवर येते. डोक्याचे वस्तुमान ५ किलो धरले तर संवेग २५ एकके आणि ऊर्जा ६२.५ ज्यूल. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर अडीच सेंटीमीटर चेपला, तर डोके थांबायला एक शतांश सेकंद मिळतो आणि सरासरी बल २,५०० न्यूटन असते. उघडे डोके अडीच मिलिमीटरमध्ये थांबले, तर हेच बल २५,००० न्यूटन होते. आकडे ढोबळ आहेत, दहापटीचा फरक ढोबळ नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीवर वर्षानुवर्षे वाद झाले. त्या वादात हे साधे गणित पुरेसे मांडले गेले नाही, याची खंत वाटते.

बाह्य बल नसेल तर वस्तूंच्या संचाचा एकूण संवेग बदलत नाही. हा संवेग अक्षय्यतेचा नियम.

टक्कर

कॅरमच्या नियमांनुसार सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची आणि स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंतचा असतो. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर ५ ग्रॅमच्या स्थिर सोंगटीवर समोरासमोर बसला, आणि टक्कर पूर्ण स्थितिस्थापक (गतिज ऊर्जा जराही न गमावणारी) धरली, तर स्ट्रायकर अर्ध्या वेगाने पुढे जात राहतो आणि सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने निघते. संवेग निम्मा-निम्मा वाटला जातो, ऊर्जेचे वाटप मात्र ७५ टक्के सोंगटीला आणि २५ टक्के स्ट्रायकरला असे होते. हे उत्तर एका नियमातून निघत नाही. अज्ञात वेग दोन आहेत, म्हणून समीकरणेही दोन लागतात, एक संवेगाचे आणि एक ऊर्जेचे. प्रत्यक्षात ‘टक्’ असा आवाज होतो, म्हणजे थोडी ऊर्जा तिथेच जाते. बोरिक पावडर टाकलेल्या बोर्डावर तरीही हे उत्तर बरेच जवळ येते.

वस्तू एकमेकींना चिकटल्या तर टक्कर पूर्ण अस्थितिस्थापक. चालत्या वॅगनने तेवढ्याच वस्तुमानाची उभी वॅगन जोडून घेतली की वेग निम्मा होतो, संवेग तेवढाच राहतो आणि निम्मी गतिज ऊर्जा उष्णतेत व आवाजात जाते.

एक बाब पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही, ती यावी. सुरू झालेल्या मोटारीला पुढे ढकलणारे बाह्य बल रस्त्याच्या घर्षणाचे असते. पण चाक न घसरता फिरत असेल तर रस्त्याला टेकलेला टायरचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून ते घर्षण कार्य करत नाही. मोटारीला संवेग रस्ता देतो, ऊर्जा पेट्रोल देते. पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर चाक जागीच फिरते तेव्हा पेट्रोल जळतच असते. कमी पडतो तो रस्त्याकडून मिळणारा संवेग.

इतिहास

गतीचे खरे माप कोणते, यावर युरोपात मोठा वाद झाला. देकार्तने १६४४ मध्ये आकारमान आणि चाल यांचा गुणाकार मानला, पण दिशा धरली नाही. १६६८-६९ मध्ये वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी टकरींचे नियम मांडले. १६८६ मध्ये लायब्निट्सने वस्तुमान × वेगाचा वर्ग हे माप पुढे केले. पुढे खाव्हेसांडे या डच शास्त्रज्ञाने पितळी गोळे मऊ मातीत टाकून दाखवले की, दुप्पट वेगाचा गोळा चौपट खोल रुततो. एमिली द्यु शातले हिने १७४० च्या ग्रंथात लायब्निट्सची बाजू मांडली. खोली म्हणजे अंतर, म्हणून तिथे वर्ग येतो. वेळ मोजला असता तर दुप्पटच भरला असता. दोन्ही पक्ष आपापल्या हिशेबात बरोबर होते. सूत्रातला अर्धा आणि कार्याची आजची व्याख्या कोरिओलिसने १८२९ मध्ये रूढ केली. जर्मन गणितज्ञ एमी नोएथरच्या १९१८ च्या प्रमेयाने ऊर्जा आणि संवेग यांच्या अक्षय्यतेच्या दोन्ही नियमांचे मूळ दाखवले: निसर्गनियम काळानुसार बदलत नाहीत म्हणून ऊर्जा अक्षय्य, आणि स्थानानुसार बदलत नाहीत म्हणून संवेग अक्षय्य.

१७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्सने वर्णिलेला प्रक्षेप्य लंबक (बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याचे साधन) आजही अकरावीच्या गणितांत येतो. १० ग्रॅमची गोळी टांगलेल्या २ किलोच्या लाकडी ठोकळ्यात घुसून अडकते आणि ठोकळा १० सेंटीमीटर वर जातो. घुसताना फक्त संवेग टिकतो. वर जाताना यांत्रिक ऊर्जा टिकते. वर जाण्यावरून ठोकळ्याचा सुरुवातीचा वेग सेकंदाला १.४ मीटर मिळतो, आणि त्यावरून संवेगाने गोळीचा वेग सुमारे २८१ मीटर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऊर्जाच टिकली असे धरले तर गोळीचा वेग सेकंदाला अवघा २० मीटर येतो, जो वर पाहिलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा आहे. गोळीच्या सुमारे ३९५ ज्यूलपैकी ठोकळा उचलायला २ ज्यूलसुद्धा लागत नाहीत. बाकीचे लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात जातात.