शाळेतला खेळ कॉलेजच्या अर्जात कुठे मोजला जातो?

अमेरिकेत हायस्कूलला असलेल्या मुलांचे आईबाबा आमच्याकडे कॉलेज प्रवेशाच्या सल्ल्यासाठी बहुतेकदा अकरावीत येतात आणि विचारतात, "ती व्हर्सिटीत नाही, जेव्हीतच खेळते. खेळ बंद करून एसएटीकडे लक्ष द्यायला सांगू का?" (व्हर्सिटी म्हणजे शाळेचा मुख्य संघ, जेव्ही म्हणजे त्याच्या खालचा संघ आणि एसएटी ही कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा.) आमची कळकळीची विनंती आहे, घाईने बंद करू नका.

खेळाच्या जोरावर प्रवेश मिळण्याची गोष्ट आपण ऐकतो ती रिक्रूट, म्हणजे कॉलेजने आपल्या संघासाठी हेरलेल्या खेळाडूंची. त्यांच्यासाठी कॉलेजचा कोच स्वतः प्रवेश कार्यालयात शब्द टाकतो. त्या शब्दाला किती वजन असतं ते हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धच्या खटल्यात 2018 साली समोर आलं: रिक्रूट अर्जदारांपैकी सुमारे 86 टक्क्यांना प्रवेश मिळत होता. पण त्या तोडीचा खेळ मोजक्याच मुलांचा असतो आणि कोचशी बोलणी बारावीच्या बरीच आधी सुरू होतात. शिवाय हार्वर्ड ज्यात येतं त्या आयव्ही लीगची आठही विद्यापीठं आणि एनसीएएच्या (कॉलेजांमधल्या खेळांची अमेरिकी संघटना) तिसऱ्या डिव्हिजनमधली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. आपल्या घराघरातलं क्रिकेट तर एनसीएएच्या खेळांत येतच नाही.

बाकी सगळ्यांचा खेळ हा एक उपक्रम म्हणून वाचला जातो. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांसाठी भरायचा एकच सामायिक ऑनलाइन अर्ज) अशा 10 उपक्रमांना जागा असते. जेव्ही आणि व्हर्सिटी यांचा वर्ग तिथे एकच आहे. कोणत्या इयत्तांत खेळलात, आठवड्याला किती तास, वर्षाचे किती आठवडे, हे भरायचं आणि वर्णन 150 अक्षरांत बसवायचं.

ही 150 अक्षरं फार मोलाची. एका मुलीने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "क्रॉस-कंट्री संघात होते, मेहनत आणि संघभावना शिकले." संघात होती हे वरच्या रकान्यात आलंच होतं. बोलता बोलता कळलं, की नववीच्या नव्या मुलींनी खेळ सोडू नये म्हणून ती स्वतःचा सराव संपल्यावर त्यांच्यासोबत पुन्हा दोन मैल धावायची. तिची 5 किलोमीटरची वेळही चार हंगामांत 29 मिनिटांवरून 24 वर आली होती. आम्ही म्हटलं, एवढंच लिही. ती व्हर्सिटीत कधीच नव्हती.

तास फुगवू नका. हंगाम 12 आठवड्यांचा असेल तर 12च लिहा. अभ्यासाचे तास आणि दहाही उपक्रमांचे तास जोडून दिवस 24 तासांत मावला पाहिजे.

आणि हेही खरं, की कच्चे गुण खेळाने झाकले जात नाहीत. कोणतं कॉलेज उपक्रमांना किती महत्त्व देतं हे बहुतेक कॉलेजं 'कॉमन डेटा सेट'मध्ये दरवर्षी जाहीर करतात. यादी ठरवताना आम्ही तो तक्ता तुमच्यासमोर उघडून बसतो.

पहिल्या भेटीला नववीपासूनचे हंगाम आणि सरावाचे तास लिहून आणा. मुलांनाही घेऊन या. खेळाबद्दल आम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकायचं असतं.