गुणोत्तरीय राशीच्या अव्याख्यात किमती

दोन बहुपदींचा भागाकार अपूर्णांकाच्या रूपात मांडला की त्याला गुणोत्तरीय बैजिक राशी म्हणतात. चलाच्या ज्या किमतीला छेदातली बहुपदी शून्य होते, त्या किमतीला ही राशी अव्याख्यात असते, म्हणजे तिला काही किंमतच उरत नाही. अशा किमती वगळून उरलेल्या संख्यांच्या संचाला राशीचा प्रांत म्हणतात.

शून्याने भागायला मनाई का, याचे उत्तर गुणाकारात आहे. ७ ला शून्याने भागून एखादी संख्या आली असे मानले, तर त्या संख्येला शून्याने गुणल्यावर ७ यायला हवेत. तशी संख्या नाही. ० भागिले ० मध्ये अडचण उलट्या बाजूची आहे. तिथे कोणतीही संख्या चालते, त्यामुळे एकच एक उत्तर ठरवता येत नाही. हा गुंता जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ० ÷ ० = ० असे मानले होते. १२ व्या शतकात दुसऱ्या भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ असे नाव दिले आणि तिच्यात काही मिळवले किंवा तिच्यातून काही वजा केले तरी ती बदलत नाही, असे सांगितले. आजच्या बीजगणितात हा भागाकार व्याख्येबाहेरच ठेवतात.

अव्याख्यात किमती काढताना फक्त छेद घ्यायचा, तो शून्याबरोबर मांडायचा आणि आलेले समीकरण सोडवायचे. अंशाकडे पाहायची गरज नाही. अंश शून्य झाला आणि छेद झाला नाही, तर राशीची किंमत शून्य येते, आणि शून्य ही चांगली धडधाकट किंमत आहे. तरीही ‘शून्य आले म्हणजे अव्याख्यात’ ही गल्लत वारंवार होते.

खरी मेख मात्र संक्षेपात आहे. पुढील राशी पाहा :

(क्ष² − ९) / (क्ष² − ५क्ष + ६)

छेदाचे अवयव पाडले की (क्ष − २)(क्ष − ३) मिळतात, म्हणून क्ष = २ आणि क्ष = ३ या दोन किमतींना राशी अव्याख्यात आहे. अंशाचे अवयव (क्ष − ३)(क्ष + ३) आहेत. सामाईक (क्ष − ३) काढून टाकला की (क्ष + ३) / (क्ष − २) हे अतिसंक्षिप्त रूप उरते, आणि त्यात क्ष = ३ घातले तर बिनबोभाट ६ उत्तर येते. ज्याने आधी संक्षेप केला आणि मग छेद तपासला, त्याच्या हाती फक्त २ लागतो. पण (क्ष − ३) ने भागणे हेच मुळात क्ष = ३ नसताना वैध आहे. म्हणून मूळ राशी आणि संक्षिप्त रूप समान म्हणताना ‘क्ष ≠ ३’ ही अट सोबत लिहावी लागते.

या दोन किमतींचा स्वभावही वेगळा आहे. क्ष = २.०१ घेतले तर राशीची किंमत ५०१ येते आणि क्ष = १.९९ ला −४९९. दोनच्या जवळ जावे तसा आलेख एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली सुटतो, आणि क्ष = २ ही उभी रेषा त्याची अनंतस्पर्शी ठरते, म्हणजे आलेख तिच्या हवा तितका जवळ जातो पण तिला गाठत नाही. क्ष = ३.००१ ला मात्र किंमत साधारण ५.९९५ येते. तिथे आलेख शांतपणे ६ च्या दिशेने जातो आणि नेमक्या त्या बिंदूपाशी त्याला एक भोक असते. हाताने काढलेल्या आलेखात ते पोकळ टिंबाने दाखवतात. ते दाखवले नाही तर आलेख दुसऱ्याच राशीचा होतो.

छेद n घाताचा असेल, तर अव्याख्यात किमती जास्तीत जास्त n असतात. एकही नसू शकते. क्ष² + ४ हा छेद वास्तव संख्यांमध्ये कधीच शून्य होत नाही, म्हणून तिथे काही वगळावे लागत नाही. वर्गबहुपदीचे अवयव सहज पडत नसतील तर आधी विवेचक (अक्ष² + बक्ष + क साठी ब² − ४अक) पाहावा : तो ऋण असला की छेद वास्तव संख्यांमध्ये शून्य होत नाही आणि शोध तिथेच थांबतो. चल दोन असतील तर सुट्या किमतींऐवजी बिंदूंचा संच वगळावा लागू शकतो; १ / (क्ष − य) ही राशी क्ष = य या संपूर्ण रेषेवर अव्याख्यात आहे.

राशींच्या भागाकारात एक जास्तीची अट लपलेली असते. भाजक राशीचा छेद तर शून्य नसावाच, पण तिचा अंशही शून्य नसावा, कारण भाजक उलटा केला की तो अंश खाली येतो. समीकरणातही हीच दक्षता लागते. क्ष / (क्ष − २) = २ / (क्ष − २) याच्या दोन्ही बाजूंना (क्ष − २) ने गुणले की क्ष = २ मिळते, आणि नेमकी तीच किंमत वगळलेली आहे. या समीकरणाला उकल नाही.