'आंबे' आणि 'ते आंबे': इंग्रजी क्रियापदानंतर अनेकवचनाला 'द' केव्हा लागते

सदाशिव पेठेत रविवारी सकाळी मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो. मे महिन्यात एका विद्यार्थिनीच्या वहीत मला लागोपाठ दोन वाक्ये दिसली. पहिले होते 'आय लाइक द मँगोज' आणि दुसरे 'आय एट मँगोज यू सेंट'. पहिल्या वाक्यात 'द' नको होते, दुसऱ्यात ते हवे होते. या बाई अभ्यासू आहेत आणि 'द' म्हणजे काय हे त्यांना चांगले ठाऊक आहे. अडचण अशी की ज्या मराठी वाक्यांवरून त्यांनी ही इंग्रजी वाक्ये रचली, त्या दोन्हींत 'आंबे' एवढाच शब्द होता: 'मला आंबे आवडतात' आणि 'तुम्ही पाठवलेले आंबे खाल्ले'. नामाकडे कितीही निरखून पाहिले तरी या दोन 'आंबे'मधला फरक दिसत नाही, कारण मराठीने तो बहुतेक वेळा नामावर ठेवलेलाच नाही.

शाळेत आपल्याला जो नियम शिकवतात तो असा, की एखाद्या वस्तूचा पहिल्यांदा उल्लेख करताना 'अ' किंवा 'ॲन' आणि दुसऱ्यांदा करताना 'द' वापरावे. एकवचनात हा नियम बऱ्यापैकी उपयोगी पडतो, परंतु अनेकवचनात तो विद्यार्थ्याला मधेच सोडून देतो. 'अ' हे उपपद जुन्या इंग्रजीतल्या 'एक' या अर्थाच्या शब्दापासून आलेले असल्यामुळे त्याला अनेकवचन नाही. अनेकवचनात त्याची जागा रिकामीच राहते. म्हणून तिथे खरी निवड 'अ' आणि 'द' यांच्यातली नसून नुसते अनेकवचन आणि 'द' लावलेले अनेकवचन यांच्यातली असते. शिवाय टेबलावरच्या आंब्यांचा दहा वेळा उल्लेख झाल्यानंतरही 'मला आंबे आवडतात' असे सांगायचे असेल, तर इंग्रजीत 'आय लाइक मँगोज' असेच म्हणावे लागते. तेव्हा आधीच्या उल्लेखावर सगळा भार टाकण्यापेक्षा क्रियापदाकडे पाहावे, असे माझे मत आहे.

'लाइक', 'लव्ह', 'हेट', 'फिअर' अशा मनोवृत्ती सांगणाऱ्या क्रियापदांनंतर नुसते अनेकवचन आले की त्याचा अर्थ ती संपूर्ण जात असा होतो. 'आय लाइक मँगोज' म्हणणारा माणूस कोणत्याही पेटीबद्दल बोलत नाही. आंबा या फळाशी असलेले आपले नाते तो सांगतो. याउलट 'ईट', 'बाय', 'सेल', 'सी' अशी प्रत्यक्ष घटना सांगणारी क्रियापदे आली, तर त्याच नुसत्या अनेकवचनाचा अर्थ 'काही, किती ते महत्त्वाचे नाही' असा होतो. 'आय बॉट मँगोज' म्हणजे मंडईत जाऊन काही आंबे घेतले. जगातले सगळे आंबे कोणी विकत घेत नाही, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नामाचे रूप तेच राहते आणि क्रियापद बदलताच अर्थ बदलतो. 'द मँगोज' मात्र दोन्ही प्रकारच्या क्रियापदांनंतर एकच गोष्ट सांगते: 'कोणते आंबे?' असा प्रश्न विचारला तर ऐकणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, किंवा 'यू सेंट'सारखे शब्द जोडून ते त्याच वाक्यात दिलेले आहे.

आता मराठी हाच फरक कुठे ठेवते ते पाहू. 'मला आंबे आवडतात' आणि 'मला आंबे आवडले' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, तर दुसऱ्यातले आंबे हे खाल्लेले, विशिष्ट आंबे आहेत हे कोणाही मराठी माणसाला न सांगता कळते. नामाला काहीही जोडलेले नाही. 'आवडतात'चे 'आवडले' झाले आणि जातीवरून बोलणे एका पेटीवर आले. इंग्रजीत हेच दुसरे वाक्य 'आय लाइक्ड द मँगोज' असे होते. इथे भूतकाळ आला म्हणून 'द' आले, असे मात्र समजू नये. 'लहानपणी मला आंबे आवडत' याचे इंग्रजी 'ॲज अ चाइल्ड आय लाइक्ड मँगोज' असेच होते आणि त्यात भूतकाळ असूनही 'द' नाही. म्हणजे इंग्रजीचे एकच 'लाइक्ड' मराठीच्या 'आवडत' आणि 'आवडले' या दोन रूपांचे काम करते, आणि त्यांतला फरक शेजारच्या नामावर 'द'च्या रूपाने उमटतो. मला वाटते, मराठी विद्यार्थ्याच्या हाती असलेले हे सर्वांत मोठे साधन आहे, आणि आपण शिक्षक ते क्वचितच त्याच्या लक्षात आणून देतो.

'खाणे' या क्रियापदाच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. 'शी एट मँगोज फॉर ॲन अवर' आणि 'शी एट द मँगोज इन ॲन अवर' या वाक्यांत 'फॉर' आणि 'इन' यांची अदलाबदल केली, तर इंग्रजी कानाला ते खटकते. झीनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ मध्ये क्रियापदांचे कालाच्या दृष्टीने वर्ग पाडले. नुसती चालू राहणारी क्रिया आणि ठरलेल्या शेवटाला पोहोचणारी क्रिया हे त्यांतले दोन वर्ग आहेत. 'ईट'सारखे क्रियापद या दोन्हींपैकी कुठे बसते ते त्याच्या कर्मावरून ठरते. नुसत्या 'मँगोज'ना सीमा नाही, म्हणून खाण्यालाही शेवट नाही. 'द मँगोज' मोजके आहेत, म्हणून शेवटचा आंबा संपला की क्रिया पूर्ण होते. मराठीत आपण पहिल्या वाक्यासाठी 'ती तासभर आंबे खात होती' आणि दुसऱ्यासाठी 'तिने तासाभरात आंबे खाऊन टाकले' असे म्हणतो. 'तासभर' आणि 'तासाभरात' यांत आपली कधीच गल्लत होत नाही. 'टाकले' किंवा 'संपवले' हे शब्द तर इंग्रजीतल्या 'द'चे अर्धे काम स्वतःच करून ठेवतात. भाषांतर करताना मराठी वाक्यात 'टाकणे' आले की कर्माला 'द' लावून पाहावे. बहुतेक वेळा ते बरोबर ठरते.

मराठी हा फरक नामावर कधीच दाखवत नाही असेही नाही, आणि त्यासाठी 'शोधणे' हे क्रियापद फार बोलके आहे. हडपसरचा एखादा ठेकेदार 'मी कामगार शोधतो आहे' म्हणाला, तर त्याला कोणीही चालतील. अजून त्याला कोणी मिळालेलेही नाही. तोच 'मी कामगारांना शोधतो आहे' म्हणाला, तर काल कामावर असलेली माणसे आज कुठे गेली याची त्याला चिंता आहे. पहिले वाक्य 'आय ॲम लुकिंग फॉर वर्कर्स' आणि दुसरे 'आय ॲम लुकिंग फॉर द वर्कर्स'. इथे आपला द्वितीयेचा 'ना' हा प्रत्यय जवळजवळ 'द'सारखाच वागतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ग्रेग कार्लसन यांनी १९७७ च्या आपल्या प्रबंधात इंग्रजीतले नुसते अनेकवचन म्हणजे 'अ'चे अनेकवचन नव्हे, ते जातीचे नाव आहे असे मांडले. त्यांचा एक महत्त्वाचा आधार याच प्रकारच्या वाक्यांचा आहे. 'लुकिंग फॉर अ वर्कर' याचा अर्थ 'कोणीतरी एक कामगार' असाही होतो आणि 'एक विशिष्ट कामगार' असाही होऊ शकतो. 'लुकिंग फॉर वर्कर्स' याला मात्र 'कोणीही' हा एकच अर्थ आहे. आपल्या ठेकेदाराचे 'कामगार शोधतो आहे' हे वाक्य याच बाजूचे. दुर्दैवाने निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मराठी हा प्रत्यय सहसा वापरत नाही. अप्पा बळवंत चौकात उभा राहून कोणी 'पुस्तके शोधतो आहे' म्हणाला, तर ती कोणतीही पुस्तके की यादीतलीच, हे त्याला विचारल्याखेरीज कळत नाही. म्हणून माणसांविषयी लिहिताना बरोबर 'द' लावणारा विद्यार्थी वस्तूंविषयी लिहिताना अडखळतो, आणि त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही.

'आहे' या क्रियापदाच्या वेळी मराठी शब्दक्रमाचा आधार घेते. 'टेबलावर पुस्तके आहेत' म्हणजे 'देअर आर बुक्स ऑन द टेबल'. 'पुस्तके टेबलावर आहेत' म्हणजे 'द बुक्स आर ऑन द टेबल'. 'देअर आर' नंतर एरवी 'द' येत नाही, कारण जे ऐकणाऱ्याला ठाऊकच आहे त्याचे अस्तित्व नव्याने सांगण्यात अर्थ नसतो.

आदरार्थी अनेकवचनाचा खड्डाही इथेच सांगायला हवा. 'ते शिक्षक आहेत' हे मराठीत एका गृहस्थांविषयीही असते आणि अनेकांविषयीही. 'शिक्षक' हे रूप दोन्ही वचनांत सारखेच असल्याने आणि मराठीत व्यवसायाच्या नावाआधी काहीच लागत नसल्याने 'ही इज टीचर' अशी वाक्ये होतात. एका गृहस्थांसाठी 'ही इज अ टीचर', अनेकांसाठी 'दे आर टीचर्स'. 'दे आर द टीचर्स' म्हणजे मात्र 'शिक्षक ते हेच', म्हणजे ज्यांच्याविषयी आधी बोलणे झाले ते.

इतिहासाचे विद्यार्थी मला नेहमी विचारतात, की 'पुणेकर्स लाइक मिसळ'मध्ये 'द' नाही, मग 'द पेशवाज रूल्ड फ्रॉम पुणे'मध्ये ते का? पुणेकरांना मिसळ आवडते हे सर्वसाधारण पुणेकराविषयीचे विधान आहे. आज गावात राहायला आलेला माणूसही त्यात मोडू शकतो. पेशवे हा मात्र संपलेला, मोजता येणारा गट आहे, आणि राज्य करणे हे क्रियापद त्या घराण्याला एक घटक मानून बोलते. तसेच खडकीच्या लढाईनंतर १८१७ मध्ये 'द ब्रिटिश'नी पुणे घेतले असे लिहावे लागते; त्यासाठी प्रत्येक इंग्रज इथे येण्याची गरज नव्हती. 'ब्रिटिश' हे मुळात विशेषण असल्यामुळे 'द' काढले तर ते लोकांचे नावच राहत नाही. 'पेशवाज'मधले 'द' काढले तर वाक्य मोडत नाही, पण मग राज्य एका घराण्याने केले की पेशवा या पदावरच्या माणसाने ते करावे अशी सर्वसाधारण रीत होती, हे वाचणाऱ्याला 'रूल्ड'च्या मागेपुढे शोधावे लागते.