पितळी भिंगे (मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्याची)

साधारण १८४० पासून पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत पितळी नळीत बसवून विकली गेलेली छायाचित्रणाची भिंगे. ती भात्याच्या लाकडी कॅमेऱ्याला लागत. साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या फुल प्लेटवर किंवा त्याहून मोठ्या काचेवर थेट प्रतिमा पाडायची, तर भिंगही तसेच दणकट हवे. बहुतेकांना शटर नसे. टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे आणि टोपी परत लावायची.

नाशिकमध्ये अशा भिंगांना खरा धोका भट्टीचा. भांडी बाजारात जुनी मोड घालून नवे भांडे न्यायची रीत आहे. त्या तराजूला फुटका तांब्या आणि लंडनच्या डॉलमेयरचे भिंग सारखेच. जुना फोटो स्टुडिओ बंद झाला की त्यातले सामान भंगारात जाते, आणि काच काढून टाकली की पितळेचे वजन नेमके कळते. त्यामुळे गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे नुसती नळी मिळाली, तर ती शोभेपुरतीच समजावी. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे म्हणून ‘फाळक्यांचे भिंग’ असेही काही पुढे येऊ शकते. त्यांचा फोटो स्टुडिओ गोध्र्यात होता आणि १९१३ मध्ये ते नाशिकला आले ते चित्रपट काढायला, एवढे लक्षात ठेवून आधी पुरावा मागावा.

नळीवर कोरलेल्या नावावर फार विसंबू नये. पॅरिसच्या दार्लोसारख्या कारखान्यांची भिंगे दुकानदार स्वतःचे नाव घालूनही विकत, आणि नव्या पितळेवर जुनी इंग्रजी नावे कोरलेला शोभेचा मालही बाजारात भरपूर आहे. ओळख पटते ती काचेवरून. खोली अंधारी करून एकच दिवा लावावा, भिंगाचा पुढचा आणि मागचा भाग आटे फिरवून वेगळा करावा आणि प्रत्येकात दिव्याची किती प्रतिबिंबे दिसतात ते पाहावे. हवा आणि काच जिथे भेटतात तिथले प्रतिबिंब ठळक असते. दोन काचा कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाने चिकटवलेल्या असतील तर त्या सांध्याचे अगदी फिकट, भिंग किंचित कलते केले तरच सापडणारे.

पुढच्या भागात दोन ठळक व एक फिकट आणि मागच्या भागात चार ठळक दिसली, तर ती पेट्झव्हालची रचना. योझेफ पेट्झव्हालने ती १८४० मध्ये मांडली आणि व्हिएन्नाच्या फोग्टलेंडरने बनवली. छिद्र सुमारे एफ/३.६ (हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), म्हणजे त्या काळच्या मानाने फारच उजेडी. मधोमध चेहरा धारदार येतो, कडेला पार्श्वभूमी गरगरल्यासारखी दिसते. तिची नक्कल युरोपभर झाली. दोन्ही भागांत प्रत्येकी दोन ठळक, एक फिकट दिसली तर बहुधा रॅपिड रेक्टिलिनियर. ही रचना १८६६ मध्ये लंडनच्या डॉलमेयरने आणि म्युनिकच्या श्टाइनहाइलने स्वतंत्रपणे आणली. एफ/८ची, सरळ रेघा सरळ ठेवणारी आणि आज त्या मानाने स्वस्त. नवशिक्याने पेट्झव्हालच्या मागे धावण्यापेक्षा हिच्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. प्रत्येक भागात दोन ठळक, दोन फिकट दिसली तर गोएर्झच्या डागोरची (१८९२) शक्यता मोठी.

नळीच्या कुशीत अरुंद खाच असते. तीत भोक पाडलेल्या पट्ट्या सरकवून छिद्र लहानमोठे करत. ही पद्धत जॉन वॉटरहाउसची, १८५८ची. पट्ट्या हरवल्या असल्या तर काळ्या पुठ्ठ्याच्या कापून घेता येतात. पेट्झव्हाल रचनेच्या भिंगाला खाचच नसेल, तर ते १८५८ पूर्वीचे असेल किंवा मॅजिक लँटर्नचे, म्हणजे काचेवरची चित्रे पडद्यावर टाकणाऱ्या जुन्या दिव्याचे. दुसरी शक्यता कितीतरी जास्त, विकणारा मात्र नेहमी पहिलीच सांगतो.

काचेच्या कडेला इंद्रधनुषी झाक किंवा पिवळट पापुद्रा दिसला तर बाल्सम सुटू लागला आहे. थोडा सुटला असेल तर चित्रात सहसा जाणवत नाही. बुरशीचे जाळे मात्र पावसाळ्यात वाढत जाते, म्हणून भिंगे बंद कपाटात कोंडू नयेत. पितळ चिंच किंवा पितांबरी लावून लखलखीत करणे हा सर्वांत मोठा अपराध. मूळ सोनेरी लॅकर निघून जाते, आणि त्याबरोबर निम्मी किंमतही.

उरते फ्लँजचे दुखणे. कॅमेऱ्याच्या फळीला बसणारी ही आट्यांची कडी बहुतेक वेळा जुन्या कॅमेऱ्यावरच राहून गेलेली असते, आणि सुरुवातीच्या काळात आट्यांना एकच माप नव्हते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवरचा चांगला टर्नर ती करून देऊ शकतो. त्याला भिंग प्रत्यक्ष दाखवावे, इंचात किती आटे आहेत ते पिच गेजने मोजू द्यावे, आणि भिंग परत आणताना दोन्ही भाग आपल्याच हाताने बसवावेत. मागच्या जोडीतली काच उलटी बसली तर चांगले भिंगही धुरकट चित्र देते.